चिमूटभर मीठ, सातशे किलोमीटरवरून



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर स्क्रीनकडे बघायला बंदी होती. (एक-दोघांनी ईमेल करून "काकू, ब्लॉग बंद केलात की काय?" असं विचारलं, बरं वाटलं.) नव्या डोळ्यानं लिहिलेला हा पहिलाच लेख, आणि विषय असा की माझ्या जुन्या सहकारी शिक्षिका हसतील. समुद्राच्या पाण्यात मीठ किती आहे, हे आकाशातून कसं मोजतात?

आता तुम्ही म्हणाल, बाईंना हे काय सुचलं? तर सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची नात याच विषयात पीएच.डी. करते आहे. तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या मे महिन्यात घरातल्या एका लग्नात सगळे जमलो होतो. जेवताना आमच्यातल्याच एकांनी तिला विचारलं, "काय गं, तुझा विषय काय?" तिनं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "समुद्राचं पाणी खारट आहे हे कळायला पाच वर्षं कशाला लागतात? जिभेला लावलं की झालं!" सगळी पंगत हसली. तीही हसली. पण रात्री गच्चीवर गाद्या घातल्या तेव्हा माझ्या शेजारी पडून म्हणाली, "आजी, मी काय करते ते मला घरी सांगताच येत नाही गं. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म तरी भरून ठेव."

मी म्हटलं, "मला सांग. मी मराठी घेऊन बीए झालेली बाई. मला कळलं की समज सगळ्यांना कळलं."

तेव्हापासून दर रविवारी रात्री आमचा फोन असतो. मी चक्क वही घातली आहे. हा लेख त्या वहीतून उतरवला आहे आणि तिनं तो वाचून पास केला आहे. ज्यांनी पंगतीत विचारलं तेही हा ब्लॉग वाचतात, हे मला ठाऊक आहे. भाऊजी, उत्तर खाली आहे. जरा लांबलं आहे, सावकाश वाचा.

आमच्या शाळेत मराठीच्या शिक्षकाच्या गळ्यात भूगोलाचे तास मारायची पद्धत होती. त्यामुळे 'सागरजलाची क्षारता' हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. सरासरी क्षारता दर हजारी ३५, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. मृत समुद्रात तीनशेच्याही वर, म्हणून तिथं माणूस बुडत नाही. हे मुलांना फार आवडायचं आणि परीक्षेत हमखास यायचं. पण हा ३५चा आकडा काढला कुणी आणि कसा, हे पुस्तकात नव्हतं आणि कुणा मुलानं विचारलंही नाही.

तर १८७२ ते १८७६ या काळात ब्रिटिशांचं 'चॅलेंजर' नावाचं जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्यानं आणलेल्या पाण्यापैकी ७७ नमुन्यांचं विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं पृथक्करण केलं आणि १८८४ साली ते छापलं. त्याला असं दिसलं की पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातल्या निरनिराळ्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच राहतं. म्हणजे एक क्लोराइड मोजलं की बाकीचं हिशेबानं काढता येतं. मग पुढची कित्येक वर्षं सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून बाटलीमागून बाटली तपासली जायची. नंतर पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून क्षारता काढू लागले, कारण मीठ जितकं जास्त तितकी वीज सहज वाहते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाटली असो की विजेचं यंत्र, पाण्यापर्यंत कुणीतरी जायला हवं. जहाजं आपल्या ठरलेल्या वाटांनी जातात, महासागराचे केवढे तरी भाग असे की तिथं वर्षानुवर्षं कुणी फिरकत नसे. २००० सालाच्या सुमारास 'आर्गो' नावाचे फ्लोट समुद्रात सोडायला सुरुवात झाली. ते आपले आपण दोन किलोमीटर खोल बुडी मारतात, साधारण दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान, क्षारता कळवून पुन्हा बुडतात. भारतही त्यात सामील आहे. फार गुणी यंत्रं आहेत, पण दोन फ्लोटांमधलं अंतर सरासरी तीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मधल्या पाण्याचं काय?

म्हणून उपग्रह. आणि म्हणून मायक्रोवेव्ह.

मायक्रोवेव्ह म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सुनेच्या ओट्यावरचं यंत्र आलं. मी फोनवर विचारलं, "म्हणजे वरून लहरी सोडून समुद्र तापवतात की काय?" पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मग तिनं समजावलं की हा उपग्रह मिठासाठी समुद्राकडे काहीही पाठवत नाही. तो फक्त ऐकतो.

काय ऐकतो? तर जगातली प्रत्येक वस्तू स्वतःहून अगदी क्षीण अशा रेडिओलहरी बाहेर टाकत असते. तवा, भिंत, तुम्ही, मी, समुद्र, सगळेच. किती टाकते हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, ती किती गरम आहे, आणि दुसरं, तिचा पृष्ठभाग कसा आहे. दुसरं मला लगेच पटलं. चुलीवर उकळलेलं पाणी एका काजळलेल्या तपेल्यात ठेवा आणि एका चिंचेनं घासून लख्ख केलेल्या तपेल्यात ठेवा. काजळलेल्यातलं लवकर निवतं. चकचकीत भांडं आतली उष्णता बाहेर कमी टाकतं. जो पृष्ठभाग दुसऱ्याचा उजेड आरशासारखा परत फेकतो, तो स्वतःचं कमी देतो.

ज्या लहरी हा उपग्रह ऐकतो त्यांची लांबी २१ सेंटिमीटर. (स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमधली लहर सुमारे १२ सेंटिमीटरची असते.) या लहरींच्या दृष्टीनं समुद्र म्हणजे घासलेलं तपेलं. पाण्याचं खरं तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे शास्त्रज्ञांच्या केल्विन मापात ३०० असलं, तरी वरून तो जेमतेम १०० केल्विनचा असल्यासारखा मंद भासतो. आणि पाण्यात मीठ वाढलं की त्यातून वीज जास्त सहज वाहते (मघाचं वाक्य!), म्हणजे ते थोडं आणखी धातूसारखं, थोडं आणखी चकचकीत होतं. म्हणून जास्त खारट समुद्र थोडा जास्त मंद दिसतो.

थोडा म्हणजे किती, ते ऐका. उबदार पाण्यात हजारी एक ग्रॅम मीठ वाढलं, तर ही चमक सुमारे अर्धा ते पाऊण अंशानं उतरते. ध्रुवाकडच्या गारठलेल्या पाण्यात तर पाव अंशच. शास्त्रज्ञांना हवी होती ०.२ ग्रॅमची अचूकता, म्हणजे लिटरभर पाण्यात एक लहानशी चिमूट. त्यासाठी १०० अंशांमध्ये एका अंशाचा दहावा भाग ओळखता आला पाहिजे. तोही साडेसहाशे-सातशे किलोमीटर उंचीवरून. मुंबई ते नागपूर अंतर डोळ्यांसमोर आणा आणि ते सरळ वर उभं करा. आमच्या सासूबाई आमटीच्या नुसत्या वासावरून "मीठ कमी पडलंय" असं माजघरातून सांगायच्या आणि आम्ही ते चेष्टेवारी न्यायचो. नातीचा उपग्रह त्यांच्याच जातकुळीतला दिसतो.

आता २१ सेंटिमीटरच का? इथं माझा जुन्नर तालुका येतो, आणि माझी कॉलर (साडीला नसली तरी) ताठ होते.

नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पसारा २५ किलोमीटरपर्यंत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरायचं आणि आम्ही मुलांना घेऊन जायचो. मुलांचं लक्ष भेळेच्या गाड्यांवर, आमचं मुलं मोजण्यावर. तरीही तिथल्या एका तरुणानं समजावलेलं माझ्या लक्षात राहिलं, की आकाशगंगेत पसरलेला हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या लहरीवर बोलत असतो. ते बोलणं नीट ऐकू यावं म्हणून जगातल्या सगळ्या देशांनी मिळून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ ही पट्टी राखीव ठेवली आहे. त्या पट्टीत कुणी काही प्रक्षेपित करायचं नाही. आकाशवाल्यांसाठी राखलेली ही शांतता समुद्रवाल्यांच्या कामी आली. याहून आखूड लहरींना मिठाचा फरक नीट जाणवत नाही आणि याहून लांब लहर घ्यावी तर अँटेना अवाढव्य लागते.

गंमत इथंच संपत नाही. खोडदच्या अँटेना इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात मांडल्या आहेत. दूर दूर ठेवलेल्या अँटेनांनी ऐकलेलं गणितानं एकत्र जोडायचं, म्हणजे त्या सगळ्या मिळून एका प्रचंड अँटेनाचं काम करतात. ही युक्ती मार्टिन राइल यांची, १९७४ सालचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. युरोपियन अवकाश संस्थेनं २ नोव्हेंबर २००९ रोजी 'स्मॉस' हा उपग्रह सोडला, त्यात हीच युक्ती आहे. तीन हातांचा वाय, त्यावर ६९ छोट्या अँटेना, फक्त तोंड खाली. नातीनं त्याचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तेव्हा मी चष्मा लावून दोनदा बघितलं. खोडदचा नकाशाच उचलून आकाशात उलटा टांगल्यासारखा!

त्याआधीची एक आठवण माझ्या पिढीला हसवेल. स्कायलॅब आठवते? १९७९च्या जुलैत ती अमेरिकन प्रयोगशाळा आकाशातून पडणार म्हणून कोण घबराट उडाली होती. आमच्या शेजारच्या वाडीत एका घरानं, मरायचंच आहे तर खाऊन मरू, म्हणून खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या संपवल्या. ११ जुलैला ती पडली, तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात गेले. कोंबड्या मात्र गेल्या त्या गेल्याच. तर त्याच स्कायलॅबवर १९७३ साली २१ सेंटिमीटरच्या लहरी ऐकणारं एक यंत्र होतं, आणि समुद्राचं मीठ अवकाशातून कळू शकेल का, याची पहिली चाचपणी त्यावरून झाली. प्रत्यक्ष मिठासाठी उपग्रह जायला पुढे छत्तीस वर्षं लागली.

स्मॉसनंतर १० जून २०११ला नासा आणि अर्जेंटिनाचा 'अ‍ॅक्वेरियस' गेला. त्यानं सोबत एक रडारही नेलं होतं, लाटांचा खडबडीतपणा बघायला. जून २०१५मध्ये यानाची वीजव्यवस्था बिघडली आणि तो थांबला. पण त्याच वर्षी ३१ जानेवारीला नासानं 'स्मॅप' सोडला होता. तो खरं तर जमिनीतली ओल मोजायला, पण त्याची सहा मीटर व्यासाची जाळीदार अँटेना समुद्रावरून जाताना मीठही ऐकते. जुलैमध्ये त्याचं रडार बंद पडलं तरी ऐकण्याचं काम चालू राहिलं.

हे सगळं वाचताना सोपं वाटतं, पण नातीचे खरे कष्ट इथून पुढे सुरू होतात. वारा सुटला, लाटा उठल्या, फेस आला की समुद्राची चकाकी मोडते आणि चमक वाढते. मग ही वाढ वाऱ्याची की मीठ कमी झाल्याची? पाणी गरम आहे की गार, तेही वेगळं माहीत हवं. आकाशगंगेतल्या लहरी समुद्रावर आपटून वर येतात, त्या वजा करायच्या. सूर्याचा त्रास कमी व्हावा म्हणून हे उपग्रह सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास डोक्यावरून जातील अशा कक्षेत ठेवले आहेत. शिवाय दिसतो तो फक्त वरचा सेंटिमीटरभर थर. नुकताच पाऊस पडून गेला असेल तर तो गोडा असतो आणि आर्गो फ्लोट काही मीटर खालून सांगतो की पाणी खारट आहे. दोघंही खरं बोलत असतात.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे राखीव शांततेत बोलणारे. स्मॉस वर गेल्यावर कळलं की युरोप आणि आशियात ठिकठिकाणी त्या पट्टीत रडार आणि इतर यंत्रांचा गोंगाट चालू आहे. स्मॉसच्या मंडळींनी देशोदेशींच्या सरकारांना कळवलं, बऱ्याच ठिकाणी तो बंदही झाला, सगळीकडे नाही. शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको. वर्ग शांत असताना मागच्या बाकावरची दोनच मुलं कुजबुजत असली तरी मधल्या बाकावरच्या मुलाचं उत्तर ऐकू येत नाही. त्यात जमिनीची चमक समुद्राच्या अडीचपट, ती किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडते. नातीचा विषय बंगालचा उपसागर, म्हणजे तीन बाजूंनी जमीन! तांदूळ निवडावेत तसे ती आकडे निवडत बसते. खडा कुठला, दाणा कुठला.

एवढं करून मिळतं काय, हा भाऊजींचा खरा प्रश्न.

नकाशा काढून बसा. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्ही एकाच अक्षांशावर, दोघांवर एकच मान्सून. पण अरबी समुद्राची वाफ जास्त आणि नद्या कमी, तिथं क्षारता ३६च्या वर जाते. उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा सगळ्या जाऊन पडतात, वर मुसळधार पाऊस. पावसाळ्याअखेर त्याच्या उत्तर भागात क्षारता ३०च्या खाली येते. कमी खारट पाणी हलकं असतं, ते साईसारखं वर पसरून राहतं. एरवी वादळी वारा समुद्र घुसळतो, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाचं बळ कमी होतं. इथं ही गोडसर साय घुसळू देत नाही. वरचं पाणी २८ अंशांच्या वर तापलेलं राहतं, ढगांना आणि चक्रीवादळांना खाद्य पुरवत राहतं. २००२ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडून या फरकाचा मान्सूनशी असलेला संबंध दाखवला. उपसागरात वादळं जास्त होण्याला इतरही कारणं आहेत, पण वादळ किनाऱ्याकडे निघालं असताना त्याच्या वाटेवर ही साय किती जाड आहे हे माहीत असणं आणि नसणं यात फार अंतर आहे. १९९९च्या ऑक्टोबरात ओडिशात चक्रीवादळानं सुमारे दहा हजार माणसं गेली. आम्ही शाळेत मदतफेरी काढली होती, मुलांनी खाऊचे पैसे दिले होते. त्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यातलं मीठ ही मुलगी मोजते आहे, भाऊजी. बँकेची परीक्षा चांगलीच आहे, तिला नावं ठेवायची नाहीत मला. पण ती पुढच्या वर्षीही असते.

आता माझ्या वहीतलं मला सर्वांत आवडलेलं पान. मे २००५पासून गोव्याच्या त्याच संस्थेनं एक काम सुरू केलं. किनाऱ्यावरच्या आठ ठिकाणी मच्छीमारांनी दर पाच दिवसांनी गुडघाभर पाण्यात जायचं आणि एक बाटली भरून ठेवायची. बस्स. त्या बाटल्यांवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पावसाळ्याच्या अखेरीला उपसागराच्या उत्तर भागात क्षारता हजारी दहाहून जास्त उतरते, आणि हे गोडसर पाणी सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून पूर्व किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहत जातं. देशाच्या दक्षिण टोकाला पोचायला त्याला अडीच महिने लागतात. शास्त्रज्ञांनी त्याला 'समुद्रातली नदी' म्हटलं आहे. जमिनीच्या चमकेमुळे उपग्रह किनाऱ्यालगत नीट बघू शकत नाही, आणि बाटलीवाला खोल समुद्रात जाऊ शकत नाही. नातीच्या टेबलावर दोघांचे आकडे शेजारी शेजारी असतात.

परवाच्या रविवारी मी तिला नाणेघाटाबद्दल विचारलं. घाटाच्या तोंडाशी पडलेला पाऊस पश्चिमेला ओघळला तर कोकणातून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला ओघळला तर कुकडीत, कुकडीतून घोडनदीत, तिथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी उपसागरात. म्हणजे आमच्या जुन्नरचं पाणीही तिच्या नकाशात कुठेतरी आहेच की! तर ते दिसतं का?

"नाही गं आजी," ती म्हणाली. "कृष्णेच्या मुखाशी जमीन इतकी उजळ असते की तिथले आकडे मला काढूनच टाकावे लागतात." मग थोडं थांबून म्हणाली, "बाटलीत असेल. पण गंगेच्या पाण्यात मिसळलेलं."